शेताचे सामाईक कॅलेंडर : तारीख काम करणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्या प्रत्येकाच्या घरात भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेले असते. ‘कालनिर्णय’ १९७३ साली निघाले. तेव्हापासून तिथी-वारासोबत दुधाचा खाडा, गॅसची टाकी, वाण्याची उधारी त्याच चौकोनात लिहिण्याची सवय मराठी घरांत चांगलीच रुजली आहे. शेतकऱ्याच्या घरी त्यात गाय भरवल्याची तारीख, छाटणीची तारीख आणि पाण्याची पाळी यांची भर पडते. हे कॅलेंडर काढून टाका, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. पंचांग भिंतीवरच शोभते आणि ते तेथेच राहावे.

परंतु भिंतीवरच्या कॅलेंडरात एक उणीव आहे. जो त्याच्यासमोर उभा राहील त्यालाच ते दिसते. बागेत फवारणी करणारा गडी, गोठ्यात धार काढणारी गृहिणी, पुण्यात नोकरी करणारा मुलगा, विहिरीत हिस्सा असणारा चुलत भाऊ यांना ते दिसत नाही. शेतीत पुष्कळदा तारीख माहीत असते एकाला आणि काम असते दुसऱ्याच्या हातात. नुकसान होते ते नेमके येथेच.

या उणिवेवर एक साधा उपाय आहे. इंटरनेटवरील कॅलेंडर ब्राउझरमध्ये उघडून पाहता येते आणि ते निवडक माणसांना दाखविता येते. त्याची माहिती आज आपण घेऊ.

हे कॅलेंडर म्हणजे काय?

ब्राउझर म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर आपण ज्यातून इंटरनेट पाहतो ते क्रोम, फायरफॉक्स, एज यांसारखे साधन. त्यात कॅलेंडरचा पत्ता टाकला आणि आपल्या ई-मेल खात्याने प्रवेश केला की महिन्याचे चौकोन समोर येतात. एखाद्या चौकोनावर टिचकी मारून नोंद लिहावयाची. ही नोंद आपल्या यंत्रात अडकून पडत नाही, ती कंपनीच्या संगणकावर साठते. त्यामुळे घरचा संगणक बिघडला किंवा मोबाइल विहिरीत पडला तरी दुसऱ्या कोणत्याही यंत्रावरून तीच नोंद पाहता येते.

गूगलचे कॅलेंडर एप्रिल २००६ मध्ये सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचे आउटलुक आणि ॲपलचे आयक्लाउड यांतही अशीच सोय आहे. या सर्वांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात यासाठी १९९८ साली ‘आयकॅलेंडर’ नावाचे एक प्रमाण ठरविण्यात आले. त्यामुळे आपण एका कंपनीचे कॅलेंडर वापरत असलो आणि मुलगा दुसऱ्या कंपनीचे वापरत असला तरी सहसा अडत नाही. आपल्याकडे अँड्रॉइड फोनमुळे बहुतेकांचे गूगल खाते आधीच असते, म्हणून पुढील कृती गूगल कॅलेंडर धरून सांगतो. या वापरासाठी वेगळे पैसे पडत नाहीत.

कृती

नवे कॅलेंडर उघडणे आणि ते इतरांना दाखविणे ही कामे संगणकाच्या ब्राउझरमध्ये करावीत. मोठ्या पडद्यावर सर्व पर्याय नीट दिसतात. रोजचे पाहणे आणि नोंद करणे फोनवर चालते. घरी संगणक नसल्यास मुलाच्या, पुतण्याच्या किंवा गटाच्या कार्यालयातील संगणकावर हे काम एकदाच करून घ्यावे.

१. ब्राउझरमध्ये ‘कॅलेंडर डॉट गूगल डॉट कॉम’ हा पत्ता टाकून आपल्या खात्याने प्रवेश करावा.

२. डाव्या बाजूला ‘इतर कॅलेंडर’ या ओळीजवळ अधिकचे चिन्ह असते. तेथून नवे कॅलेंडर तयार करावे व त्यास ‘द्राक्षबाग’, ‘गोठा’, ‘विहीर’ असे ओळखता येईल असे नाव द्यावे. आपले खासगी कॅलेंडर जसेच्या तसे इतरांना देऊ नये. कामागणिक वेगळे कॅलेंडर ठेवावे.

३. कॅलेंडरच्या नावाजवळील तीन ठिपक्यांवर टिचकी मारून ‘सेटिंग आणि शेअरिंग’ हा पर्याय निवडावा.

४. ज्यांना दाखवायचे त्यांचा ई-मेल पत्ता ‘ठरावीक व्यक्तींना’ या भागात लिहावा. प्रत्येकास कोणती परवानगी द्यायची ते ठरवून पाठवावे.

५. समोरच्यास ई-मेल येतो. त्यातील दुव्यावर टिचकी मारून त्याने ते कॅलेंडर आपल्या यादीत जोडून घ्यावे. हे न केल्यास ते त्यास दिसणार नाही. पुष्कळांचे गाडे येथेच अडते.

पडद्यावरील शब्द निवडलेल्या भाषेप्रमाणे थोडे वेगळे असू शकतात, पण क्रम हाच राहतो.

परवानगीच्या चार पायऱ्या

या सर्व प्रकारात नीट समजून घेण्यासारखी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे परवानगी. गोठ्याची, गोदामाची आणि तिजोरीची किल्ली आपण एकाच माणसाकडे देत नाही. येथेही तसेच वागावे. परवानगीच्या चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : समोरच्यास फक्त वेळ मोकळी आहे की गुंतलेली, एवढेच दिसते. काम काय आहे ते दिसत नाही. ट्रॅक्टर किंवा पेरणी यंत्र भाड्याने देणाऱ्यांस ही पायरी सोयीची आहे. मंगळवारी यंत्र मोकळे नाही एवढे गावाला कळते, ते कोणाकडे आहे हे कळत नाही.

दुसरी पायरी : सर्व तपशील दिसतो, पण बदल करता येत नाही. फवारणी करणारा गडी, धार काढणारा माणूस, गटातील सभासद यांना ही पायरी द्यावी.

तिसरी पायरी : नोंदी करता येतात, बदलता येतात आणि खोडताही येतात. ज्याच्या हाताने काम होते आणि ज्याच्या शब्दावर आपला भरवसा आहे, त्यालाच ही द्यावी.

चौथी पायरी : नोंदी बदलण्याबरोबरच इतरांना प्रवेश देण्याचा अधिकारही मिळतो. ही घरातील दोघांकडेच असावी. एकाचा फोन हरवला किंवा तो आजारी पडला तर दुसऱ्यास कारभार पाहता येतो.

एखादी नोंद ‘खासगी’ अशी ठेवता येते. मग पहिल्या दोन पायऱ्यांवरील माणसांना तिचा तपशील दिसत नाही. तिसऱ्या व चौथ्या पायरीवरील माणसांना मात्र तो दिसतो, हे ध्यानात ठेवावे.

उदाहरण पहिले : द्राक्षबाग

नाशिक, सांगली भागातील बागायतदारांना छाटणीपासून दिवस मोजण्याची सवय आहे. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची फळ छाटणी या दोन तारखांवर पुढचे सर्व वेळापत्रक बसते. फळ छाटणीची तारीख कॅलेंडरात टाकून तेथून दिवस मोजत पुढील कामांच्या नोंदी केल्यास मजूर ठरविणारा, औषध आणणारा आणि पाणी सोडणारा हे तिघे एकाच हिशेबाने चालतात.

सर्वांत महत्त्वाची नोंद आहे काढणीपूर्व प्रतीक्षा काळाची. प्रत्येक कीटकनाशकाच्या किंवा बुरशीनाशकाच्या लेबलवर, शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवावेत ते दिलेले असते. समजा, एका औषधाच्या लेबलवर ३० दिवस लिहिले आहेत आणि १० जानेवारीस फवारणी झाली. तर ९ फेब्रुवारीपूर्वी त्या प्लॉटचा माल काढता येणार नाही. फवारणी झाल्याबरोबर ९ फेब्रुवारीच्या चौकोनात ‘प्लॉट क्रमांक २ : यापूर्वी काढणी नाही’ अशी नोंद करावी. व्यापारी ५ तारखेला गाडी घेऊन दारात उभा राहतो, भाव बरा असतो, वडील घरी नसतात. अशा वेळी मुलाने कोणाला विचारावे? त्याने कॅलेंडर पाहावे.

२०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाचे अवशेष आढळले आणि बागायतदारांचे व निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले. कॅलेंडर असते तर ते टळले असते, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण बागेत काय फवारले आणि केव्हा फवारले याचे उत्तर तयार ठेवावे लागते, एवढा धडा त्या हंगामाने सर्वांना दिला. निर्यातीसाठी जी फवारणीची नोंदवही ठेवावी लागते ती ठेवलीच पाहिजे. कॅलेंडर हे तिची जागा घेत नाही, ते तिची आठवण करून देते.

उदाहरण दुसरे : गोठा

दुधाच्या धंद्यात तारीख चुकणे म्हणजे पैसे बुडणे होय. गाय २१ दिवसांच्या आसपास माजावर येते. एक माज हुकला तर तीन आठवडे वाया गेले. समजा, १ जून रोजी कृत्रिम रेतन केले. त्याच दिवशी बसून पुढील नोंदी कराव्यात :

२२ जून : गाय उलटली का ते पाहणे. (दोन दिवस आधीपासून लक्ष ठेवावे.)

३० ऑगस्ट : ९० दिवस पूर्ण, पशुवैद्यकाकडून गाभण तपासणी.

७ जानेवारी : गाय आटवणे. (विण्यापूर्वी ६० दिवस.)

८ मार्च : विण्याची अंदाजे तारीख. (२८० दिवस, लीप वर्ष नसताना.)

म्हैस असल्यास ३१० दिवस धरावेत, म्हणजे विण्याची तारीख ७ एप्रिलच्या आसपास येते आणि आटवण्याची ६ फेब्रुवारी. लाळ्या खुरकुताची लस सहा महिन्यांनी आणि घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, या नोंदी एकदाच ‘पुन्हा पुन्हा येणारी’ म्हणून टाकाव्यात. नंतर त्या आपोआप पुढे येत राहतात.

याहून नाजूक बाब म्हणजे औषधाचे दूध. कासदाहासाठी प्रतिजैविक दिल्यावर त्या जनावराचे दूध किती दिवस वापरू नये ते लेबलवर असते आणि पशुवैद्यकही सांगतात. पशुवैद्यक हे सांगतात घरच्या पुरुषाला, आणि पहाटे धार काढते घरची बाई. तिला निरोप पोहोचला नाही तर ते दूध सर्व दुधात मिसळते आणि संकलन केंद्रावर पूर्ण कॅन नाकारला जाऊ शकतो. केंद्रावर सुटले तर ते लहान मुलांच्या पोटात जाते. म्हणून ‘गौरी : शुक्रवार संध्याकाळपर्यंत दूध वेगळे काढणे’ ही नोंद तिच्या फोनवर दिसली पाहिजे.

बंधूंनो, येथे मी थोडे स्पष्ट बोलतो. पुष्कळ घरांत चांगला फोन पुरुषाच्या खिशात असतो आणि जनावरांचे काम स्त्रीच्या हातात असते. अशा घरात कॅलेंडर कितीही चांगले भरले तरी ते भिंतीवरच्या कॅलेंडरासारखेच राहील. गोठ्याचे कॅलेंडर गोठ्यात काम करणाऱ्या बाईच्या फोनवर, तिच्या खात्यात आणि तिसऱ्या पायरीच्या परवानगीसह असावे. गाय माजावर आली हे तीच सर्वांच्या आधी पाहते. ती नोंदही तिनेच करावी.

उदाहरण तिसरे : सामाईक विहीर

चार भावांची एक विहीर असून प्रत्येकास दोन दिवस पाणी असेल, तर आठ दिवसांनी पाळी फिरून येते. कॅलेंडरात ‘दर ८ दिवसांनी’ अशी पुनरावृत्ती ठेवता येते. प्रत्येक भावाची पाळी वेगळ्या रंगात ठेवावी.

वीज गेली किंवा मोटार जळली तर पाळी सरकते आणि तंटा येथेच उभा राहतो. पुन्हा येणारी नोंद बदलताना कॅलेंडर विचारते : बदल फक्त या नोंदीत करायचा, ही व यापुढील सर्व नोंदींत करायचा, की सर्वच नोंदींत करायचा? पाळी कायमची सरकली असेल तर ‘ही व यापुढील’ निवडावे आणि चौघांच्या नोंदींत तोच बदल करावा. ‘सर्व’ निवडल्यास मागील नोंदीही बदलतात आणि गेल्या महिन्यात पाणी कोणाचे होते याचा पुरावाच राहत नाही. बदल कोणी करावा हे चौघांनी बसून आधी ठरवावे. एकाने करावा, इतरांनी पाहावा. तोंडी ठरलेल्या गोष्टीला कॅलेंडरमुळे बळकटी येते. मनात खोट असेल तर मात्र त्यावर कोणत्याही कॅलेंडरात औषध नाही.

घंटी प्रत्येकाने आपली लावावी

आता एक व्यवहारातील अडचण सांगतो. आपण कॅलेंडर दुसऱ्यास दाखविले म्हणजे त्याच्या फोनवर आपोआप घंटी वाजेलच असे नाही. आठवण करून देणारी सूचना प्रत्येकाने आपल्या खात्यात त्या कॅलेंडरसाठी स्वतः लावावी लागते. एक दिवस आधी संध्याकाळी आणि त्या दिवशी सकाळी अशा दोन सूचना पुरेशा आहेत. जोडणी केल्याच्या दिवशीच उद्याची एक खोटी नोंद टाकून सर्वांच्या फोनवर घंटी वाजते का ते तपासावे.

मळ्यात नेटवर्क नसेल तर तेथे केलेली नोंद नेटवर्क मिळाल्यानंतरच इतरांना दिसते. म्हणून तातडीचा निरोप फोन करूनच द्यावा.

चुकून नोंद खोडली गेल्यास घाबरू नये. ब्राउझरमध्ये त्या कॅलेंडरच्या कचरापेटीत ती साधारण ३० दिवस राहते व तेथून परत आणता येते.

मुलगा परदेशी असेल तरी वेळेचा घोळ होत नाही. आपण सकाळी १० वाजता लिहिलेली नोंद दुबईतील मुलास त्याच्या वेळेप्रमाणे साडेआठला दिसते. ज्या कामाला ठरावीक वेळ नाही ते ‘पूर्ण दिवस’ म्हणून नोंदवावे.

कुंपण मजबूत ठेवावे

शेताला कुंपण घालतो तसे कॅलेंडरासही घालावे. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. ‘सर्वांसाठी खुले’ हा पर्याय आपल्या घरच्या कॅलेंडरास कधीही लावू नये. तसे केल्यास जगातील कोणीही ते पाहू शकतो. आपण लग्नाला कधी बाहेरगावी जाणार आणि मालाचे पैसे कधी येणार, हे अनोळखी माणसास कळण्याचे कारण नाही. मेळाव्याच्या किंवा जनावरांच्या बाजाराच्या तारखा मात्र अशा खुल्या कॅलेंडरात जरूर द्याव्यात.

२. प्रत्येक कॅलेंडरास एक ‘गुप्त पत्ता’ असतो. तो ज्याच्या हाती लागेल त्यास परवानगीशिवाय सर्व नोंदी दिसतात. तो व्हॉट्सॲपच्या गटात टाकू नये. टाकला गेल्यास सेटिंगमध्ये जाऊन बदलून घ्यावा, म्हणजे जुना पत्ता निकामी होतो.

३. बँकेचा खाते क्रमांक, पिन, आधार क्रमांक कॅलेंडरात लिहू नये. ‘कर्जाचा हप्ता’ एवढे लिहिले तरी पुरे.

४. सेवा केंद्रातील किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम केल्यास ब्राउझरची खासगी खिडकी वापरावी, पासवर्ड साठवू देऊ नये आणि उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडावे.

५. खात्यास दुहेरी पडताळणी लावावी. म्हणजे पासवर्ड चोरीला गेला तरी चोरास आत शिरणे अवघड जाते.

६. अनोळखी माणसाकडून आलेले निमंत्रण कधी कधी आपोआप कॅलेंडरात दिसते. बक्षीस लागले, अनुदान मंजूर झाले असा त्यात मजकूर असतो. त्यातील दुव्यास हात लावू नये. ओळखीच्या माणसांचीच निमंत्रणे दाखवावीत, अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती लावावी.

७. गडी काम सोडून गेला, भाडेकराराची मुदत संपली, की त्याच दिवशी त्याचे नाव यादीतून काढावे. दर सहा महिन्यांनी यादी उघडून पाहावी.

सुरुवात कशी करावी?

एकदम दहा कॅलेंडर उघडू नयेत. पहिल्या महिन्यात एकच काम निवडावे. ज्या कामात तारीख चुकल्यामुळे गेल्या वर्षी आपले नुकसान झाले, ते निवडावे. त्यात दोनच माणसे जोडावीत. नोंदी थोडक्यात आणि नेमक्या कराव्यात. ‘फवारणी’ असे न लिहिता प्लॉट, औषध, प्रमाण आणि कोण करणार ते लिहावे. काम झाल्यावर त्याच नोंदीपुढे ‘झाले’ असा शेरा मारावा. वर्ष संपल्यावर हीच नोंद पुढील हंगामाचा आराखडा बनते.

घरात रोज संध्याकाळी जेवणाआधी पाच मिनिटे उद्याचा चौकोन सर्वांनी मिळून पाहावा. ज्या घरात असे पाहिले जाते तेथे कॅलेंडर टिकते. जेथे पाहिले जात नाही तेथे ते नुसते भरून पडते.

शेतीत पाऊस आपल्या हातात नाही, भाव आपल्या हातात नाही. लस केव्हा टोचायची, गाय केव्हा आटवायची, माल किती दिवस झाडावर ठेवायचा, या गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. त्या तारखा माहीत असूनही केवळ दुसऱ्याला कळल्या नाहीत म्हणून नुकसान सोसणे परवडणारे नाही. तरी आपण सर्वांनी आपल्या घरी किमान एक सामाईक कॅलेंडर सुरू करावे आणि काम करणाऱ्या प्रत्येक हातापर्यंत तारीख पोहोचवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय जवान, जय किसान.